मदत हवी आहे: खाऱ्या हवेत सायकलचा गंज कसा रोखायचा?

नमस्कार मंडळी. आमचं घर मालवणला, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. वडिलांची जुनी काळी लोखंडी सायकल अजून रोज बाजारात जाते आणि ती टिकावी अशी फार इच्छा आहे. इथे गंजाला पावसाळाच लागतो असं नाही, खारी हवा बारमाही. रिमचं क्रोम आऱ्यांच्या निपलभोवती (आरा रिममध्ये घट्ट करणारी छोटी नळीसारखी चकती-नट) फुगून सुटायला लागलंय; बोट फिरवलं की तपकिरी भुकटी हाताला येते.

गोड्या पाण्याने धुऊन, कोरडी पुसून चेनला शिलाई मशीनचं तेल देतो, पण ते पातळ, एका सरीत धुऊन जातं. ग्रीस लावलं तर वाळू चिकटून चेन घासते. रेक्झिनचं कव्हर नकोच, आत ओल कोंडते.

क्रोम सुटलेल्या जागी पॉलिश पेपर मारून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा तांबडा प्रायमर) आणि वर रंग, हे टिकतं का? रॉड ब्रेकचे रबर रिमला आतून घासतात, तिथे काय करायचं? आणि फ्रेमच्या नळ्यांत आतून तेल कुणी सोडलंय का? सीटचा दांडा काढला की आतही गंज दिसतो, खरी काळजी त्याचीच आहे. कोकण-गोव्याकडच्या कुणी केलं असेल तर कुठलं तेल, किती दिवसांनी, तेवढं नक्की सांगा.