मदत हवी आहे : जुन्या टिपणांतील ∀ आणि ∃ युनिकोडमध्ये कसे आणावेत?

नमस्कार. मी सांगलीत तर्कशास्त्र शिकवते आणि विद्यार्थ्यांसाठीची जुनी मराठी टिपणे सध्या युनिकोडमध्ये आणते आहे. मजकूर नीट उतरला. अडचण आहे ती ∀ (‘प्रत्येक’) आणि ∃ (‘किमान एक तरी आहे’) या तर्कशास्त्रातील चिन्हांची. जुन्या फाइलींत ती ‘सिम्बॉल’ फाँटमध्ये टंकलेली आहेत, आणि त्या फाँटमध्ये ∀ हे दुहेरी अवतरणचिन्हाच्या, तर ∃ हे डॉलरच्या जागी बसवलेले असल्यामुळे, फाँट बदलताच ‘प्रत्येक’ सांगणाऱ्या विधानाच्या आरंभी नुसते अवतरणचिन्ह उरते. विद्यार्थी ते छपाईची चूक समजून सोडून देतात आणि विधानाचा अर्थच हरवतो, हे मला फार खटकते.

युनिकोडमध्ये षोडशमान पद्धतीने ∀ चा क्रमांक २२०० आणि ∃ चा २२०३ आहे, त्यामुळे नवे टंकणे अवघड नाही. पण टिपणांत खरी अवतरणचिन्हेही जागोजागी असल्याने सरसकट बदल करता येत नाही. केवळ सिम्बॉल फाँटमधील अक्षरे शोधून बदलण्याची खात्रीची रीत कोणी वापरली आहे का? तसेच देवनागरीशेजारी ही चिन्हे शोभतील, छापताना त्यांचे रिकामे चौकोन होणार नाहीत, असा मोफत फाँट कृपया सुचवावा.