लिव्हरपूलचे जुने पब: हाक पाटीवरच्या नावाने मारायची की टोपणनावाने?

नवा_पाहुणा
शुक्रवारी इथली मराठी मंडळी 'बिग हाउस'ला भेटणार असं ठरलं होतं. लाइम स्ट्रीटवर भर पावसात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलो. शेवटी कळलं की ॲडेल्फी हॉटेलशेजारचा 'द व्हाइन्स' म्हणजेच बिग हाउस. वर एका जुन्या सभासदाने सगळ्यांदेखत विचारलं, "एवढंही माहीत नाही?"
मला हे पटलेलं नाही. नाव पत्ता सांगायला असतं. पाटीवर एक आणि तोंडात दुसरं, हा जुन्या लोकांनी नव्यांना बाहेर ठेवायचा प्रकार आहे. इंग्रजांना काय करायचं ते करू द्या, आपण तरी पाटीवरचीच नावं वापरू या.

मर्सीकाठचा
त्या टेबलावर मीही होतो. तुम्हाला तसं बोलायला नको होतं. पण त्यावरून तुम्ही जे टोक गाठलंत ते वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.
पाटीवरचं नाव खरं आणि लोकांच्या तोंडचं नाव उपरं, हे कुणी ठरवलं? १८६७ मध्ये त्या जागी पब काढणाऱ्या माणसाचं आडनाव व्हाइन्स, म्हणून पाटीवर व्हाइन्स. आजची इमारत १९०७ ची, वॉल्टर थॉमसने केन्स ब्रुअरीसाठी बांधलेली. आत जाऊन मागच्या बाजूची जुनी बिलियर्डची खोली आणि तिच्यावरचा रंगीत काचेचा घुमट बघा, म्हणजे लोकांनी तिला मोठं घर का म्हटलं ते कुणाला विचारावं लागणार नाही. मालकाने स्वतःचं आडनाव दिलं, पिणाऱ्यांनी डोळ्यांना दिसलं ते नाव दिलं. मला दुसरं जास्त प्रामाणिक वाटतं.
आणखी ऐका. एगर्टन स्ट्रीटवरचा पीटर कॅव्हनाज मुळात 'ग्रेप्स'. कॅव्हनाने तो १८९७ पासून १९५० पर्यंत चालवला, शेवटी त्याचंच नाव पबला चिकटलं. स्टेशनाजवळ, एम्पायर थिएटरच्या मागे 'ईगल' होता, तो मेरी एगर्टन या बाईंमुळे 'मा एगर्टन्स' झाला. राइस स्ट्रीटवरच्या 'ये क्रॅक'मध्ये तर एका खोलीलाच नाव आहे, 'वॉर ऑफिस'. बोअर युद्धावर तावातावाने बोलणाऱ्यांना त्या खोलीत पाठवायचे म्हणे. ही नावं पुसून टाका आणि मग मला सांगा या शहराचं काय उरतं.

वास्तुवेडा
मर्सीकाठचा, इतिहास बरोबर आहे, पण त्यातून तुम्ही काढता तो अर्थ मला मान्य नाही. नोंदी अधिकृत नावाने होतात आणि जुन्या इमारती वाचतात त्या नोंदींमुळे. होप स्ट्रीटवरच्या 'फिल'चं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याला ग्रेड वन, म्हणजे वारसा इमारतींचा सर्वात वरचा दर्जा मिळाला, पुरुषांच्या मुतारीतल्या गुलाबी संगमरवरासकट. सरकारी यादीत 'फिलहार्मोनिक डायनिंग रूम्स' असं पूर्ण नाव आहे, 'फिल' नाही. लाडाच्या नावाने एक वीटसुद्धा वाचत नाही.

मर्सीकाठचा
वीट वाचत नाही? डडलीजवळच्या हिमलीचा 'क्रुकेड हाउस' विसरलात? कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचली आणि घर कललं. कागदावर तो 'ग्लिन आर्म्स' होता, लोकांनी त्याला क्रुकेड हाउस केलं आणि तेच नाव पाटीवर गेलं. ५ ऑगस्ट २०२३ ला आग लागली, ७ तारखेला उरलेलं बांधकाम पाडलं, आणि अख्ख्या देशात संताप झाला. पुढच्या फेब्रुवारीत कौन्सिलने पुन्हा बांधण्याची नोटीस काढली. ग्लिन आर्म्स पडला म्हणून कुणी रस्त्यावर आलं असतं का?

वास्तुवेडा
लोक आले ते पडल्यावर. वारसा यादीत तो नव्हता, म्हणून दोन दिवसांत भुईसपाट करता आला. तुमच्याच उदाहरणातून माझा मुद्दा सिद्ध होतो.

नॉटिंगहॅमकर
नावांचं जाऊ द्या हो, मला या भिंतींवर रंगवलेल्या सनावळ्यांचा संताप येतो. आमच्याकडे नॉटिंगहॅमला किल्ल्याच्या कड्यात कोरलेल्या 'ट्रिप'वर (पाटीवर 'ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम') सन ११८९ लिहिलंय आणि पर्यटक त्याच्याखाली फोटो काढतात. लाकडांच्या वलयांवरून तपासणी झाली तेव्हा बाजार चौकातल्या 'बेल' या पबची तुळई १४३७ च्या आसपासची निघाली. ट्रिपची इमारत सतराव्या शतकाच्या मागे जात नाही. 'ट्रिप', 'सॅल' (म्हणजे 'सॅल्युटेशन' पब) ही आम्ही रोज मारतो त्या हाका खऱ्या आहेत. मालकाने रंगवलेला सन खोटा आहे. पाटीवर विश्वास ठेवा म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

नवा_पाहुणा
सनावळीचा इथे काय संबंध? मी नावाबद्दल बोलतोय. आणि माझ्या प्रश्नाला अजून कुणीच उत्तर दिलेलं नाही. नव्या माणसाने काय करायचं?

मर्सीकाठचा
विचारायचं. फोन होता ना हातात?

नवा_पाहुणा
विचारलं म्हणूनच ते ऐकून घ्यावं लागलं. हाच तर मुद्दा आहे, आणि तो तुमच्या डोक्यात शिरत नाहीये.

स्मेदिकची_सून
सगळं वाचतेय आणि मन अस्वस्थ होतंय. तुम्ही सगळे 'लोकांनी नाव दिलं', 'लोकांनी नाव दिलं' म्हणताय. कुठल्या लोकांनी?
मी मूळची साताऱ्याची, सासर पंजाबी. सासरे साठच्या दशकात बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकला आले आणि फाउंड्रीत लागले. पाळी संपली की गोरे कामगार समोरच्या पबात जायचे. सासऱ्यांना पब्लिक बारमध्ये, तेही एका कोपऱ्यात, उभं राहायची परवानगी. स्मोक रूमचं, म्हणजे बसायच्या चांगल्या खोलीचं, दार बंद. त्या पबाचंही लाडाचं नाव होतं. सासऱ्यांनी ते आयुष्यात एकदाही उच्चारलं नाही. ते म्हणायचे, "ज्या घरात मला बसायला खुर्ची नाही त्याला मी प्रेमाने हाक का मारू?"
अमेरिकेतला कृष्णवर्णीयांचा नेता मॅल्कम एक्स १२ फेब्रुवारी १९६५ ला स्मेदिकला आला, तो हेच बघायला. इंडियन वर्कर्स असोसिएशन या भारतीय कामगारांच्या संघटनेतल्या लोकांबरोबर तो 'ब्लू गेट्स' पबात गेला आणि त्यालाही स्मोक रूममध्ये घेतलं नाही. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याचा खून झाला. त्याच वर्षाच्या शेवटी कायदा आला आणि पबातला हा भेद बेकायदा ठरला. कामगारांचे खासगी क्लब तर १९७६ च्या कायद्यापर्यंत असा भेद करायला मोकळे होते. तुमच्या टोपणनावांचा सुवर्णकाळ नेमका हाच होता.

मर्सीकाठचा
ताई, सासऱ्यांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, हा विषय वेगळा आहे. वर्णभेद पाटीवरच्या नावाच्या पबातही होता. ब्लू गेट्स हे टोपणनाव नव्हे.

स्मेदिकची_सून
वेगळा नाही. नवा_पाहुणा म्हणतोय की या नावांमुळे आपण बाहेरचे ठरतो. तुम्ही त्याला म्हणता, फोन करायचा होता. आमच्या घरातल्या माणसांना तेव्हा दारच बंद होतं, फोन कुणाला करणार होते? विषय वेगळा आहे असं सांगून उठून जाणं सोपं असतं, कारण तुमची खुर्ची शाबूत असते.

मर्सीकाठचा
माझी खुर्ची? मीही इथे रात्रपाळ्या करून राहिलोय. मला गोऱ्यांचा वकील ठरवू नका.

नॉटिंगहॅमकर
अहो, दोघंही जरा सबुरीने घ्या.

कोकणपुत्र
मी मधे पडतो, कारण मला दोन्हीकडचं दिसतंय.
माझे आजोबा दाभोळकडचे, मुंबईहून सुटणाऱ्या बोटीवर खलाशी. लिव्हरपूल आणि बर्कनहेडच्या गोदीत त्यांची बोट लागायची. दारूला कधी शिवले नाहीत, पबात कधी पाऊल टाकलं नाही. तरी त्यांच्या तोंडी पबांची नावं होती. इंग्रजी पाटी वाचता यायची नाही, म्हणून आपल्या माणसाला वाट सांगायला ते लोक खुणा धरायचे. घड्याळवाला, हिरव्या दाराचा, म्हातारीचा. "म्हातारीच्या नाक्यावरून डावीकडे वळ, तिथे आपला भात मिळतो." घरी आल्यावर आम्हाला असंच सांगायचे.
म्हणजे टोपणनावं फक्त आतल्यांची असतात हे खरं नाही. बाहेरच्यांनीही ठेवली, आणि ती ठेवली ती नव्या माणसाला रस्ता सापडावा म्हणून. नवा_पाहुणा, पाटीवरचं नाव माझ्या आजोबांच्या काही उपयोगाचं नव्हतं.

स्मेदिकची_सून
हे वाचून भरून आलं. पण दादा, पुढचा प्रश्न विचारतेच. 'बिग हाउस' अजून सगळ्या शहराच्या तोंडी आहे. 'म्हातारीचा' कोणता पब, हे आज लिव्हरपूलमध्ये एक तरी माणूस सांगू शकेल?

कोकणपुत्र
नाही. मलाही माहीत नाही.

सोहोची_शेजारीण
लंडनहून एक भर घालते. डीन स्ट्रीटवरचा 'फ्रेंच हाउस' पाटीवर कितीतरी वर्षं 'यॉर्क मिन्स्टर' होता. सगळे त्याला फ्रेंच पबच म्हणायचे, कारण तो बर्लमाँ कुटुंबाकडे होता. १९८४ मध्ये यॉर्कच्या खऱ्या कॅथेड्रलला आग लागली आणि मदतीचे पैसे या पबाच्या पत्त्यावर यायला लागले, असं सांगतात. त्यानंतर पाटी बदलली. माझं मत असं की हाच रस्ता बरोबर. नाव रुळलं की पाटीवर चढवा. नव्या माणसाचा घोटाळा होणार नाही आणि नाव हरवणारही नाही.

मर्सीकाठचा
नको. मालकाने लिहिलं की ते मालकाचं झालं. उद्या कंपनी विकली गेली की नव्या मालकाला ते पुसायचाही हक्क. घरात ज्याला बंड्या म्हणतात त्याचं नाव रेशनकार्डावर बंड्या घालत नाहीत, ते घरातल्यांसाठी राखून ठेवतात.

नवा_पाहुणा
आणि घरात नव्याने आलेल्या सुनेने काय म्हणायचं?

मर्सीकाठचा
तिला घरातलं कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगतं. तेवढं आम्ही करायला हवं होतं, हे मान्य. यापुढे बोलावताना दोन्ही नावं आणि रस्ता सांगितला जाईल. पाटीबद्दलचं माझं मत मात्र तेच.

वास्तुवेडा
पाटी सोडा. यादीतल्या नोंदीत लोकांचं नाव मूळ नावाशेजारी लिहायला काय हरकत आहे? त्याने इमारतीवरचा मालकी हक्क बदलत नाही आणि नाव कागदावर राहतं.

मर्सीकाठचा
नोंदीत चालेल. पाटीवर नाही.

स्मेदिकची_सून
मग त्याच नोंदीत हेही लिहा, की कुठल्या खोलीत कुणाला बसू देत नव्हते आणि कधीपर्यंत. थॉमसचं नाव, घुमटाची काच, गुलाबी संगमरवर हे सगळं लिहिता, तर हेही त्या इमारतीचंच आहे. आज वेस्ट ब्रॉमिचला 'रेड लायन' आपल्या लोकांच्या हातात आहे, मिक्स्ड ग्रिलसाठी गोरे तिथे रांगा लावतात. पाटी जुनीच ठेवलीय, आणि आत सगळ्या खोल्या सगळ्यांना खुल्या आहेत. सासरे शेवटची काही वर्षं तिथे जायचे, आणि जाऊन बसायचे.

मर्सीकाठचा
ही नोंद व्हायला हवी. यावर माझा वाद नाही. विषय टोपणनावांचा होता एवढंच माझं म्हणणं होतं, पण असू द्या.

कोकणपुत्र
मी आज दापोलीला बाबांना फोन करतो. आजोबांबरोबर तेही एका सफरीला आले होते, त्यांना काही नावं आठवत असतील. ज्यांच्या घरी बोटीवरचं कुणी होतं त्यांनीही विचारा. नाव आठवलं तर सोबत कुठल्या गोदीपासून कुठे वळायचं तेही लिहून घ्या, नाहीतर जागा सापडणार नाही.