मदत हवी आहे: आयएफआर (उपकरणांच्या आधारे उडण्याचे नियम) लाँग क्रॉस कंट्रीचा रूट कसा ठरवू?

मंडळी, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न बघता नुसत्या उपकरणांवर विमान उडवायची पात्रता) चालू आहे, एफएएच्या (अमेरिकेची विमान वाहतूक यंत्रणा) नियमातली २५० नॉटिकल मैलांची लाँग क्रॉस कंट्री, म्हणजे एअरपोर्ट ते एअरपोर्ट लांबची फ्लाइट, आता उरलीये. प्रत्येक एअरपोर्टवर एक अप्रोच (उपकरणांच्या आधारे धावपट्टीकडे उतरत जाणं) आणि तीनही वेगवेगळ्या प्रकारचे, तर मी आयएलएस (रेडिओवर दिशा आणि उतार दोन्ही दाखवणारा), आरनॅव्ह (जीपीएसवरचा) आणि व्हीओआर (जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावरचा) असे धरलेत. घोडं अडलंय व्हीओआरपाशी, दिवसेंदिवस ते अप्रोच कमी होत चाललेत, आणि जिथे एक सापडला तिथे जायचं तर शेवटचा लेग (टप्पा) इतका लांबतो की परत येईपर्यंत मी पार पिळून निघणार. त्याऐवजी नुसता लोकलायझर (आयएलएसमधला फक्त दिशा दाखवणारा भाग) घेतला तर चालतो ना? आयएलएसपेक्षा वेगळा प्रकार धरतात का?

दुसरं म्हणजे तिन्ही लेगचे फ्लाइट प्लॅन आधीच फाइल करून ठेवता का प्रत्येक ठिकाणी उतरून? मागच्या फ्लाइटला हूड (बाहेरचं दिसू नये म्हणून घालायची झापड) घालून क्लिअरन्स (कंट्रोलरने दिलेला रूट आणि परवानगी) लिहून घेताना पेन्सिल सीटखाली गेली आणि पुढचा अर्धा रूट नुसता ऐकला (इन्स्ट्रक्टर गालात हसत बसलेले). आता दोन पेन्सिली दोऱ्याने नीबोर्डला (मांडीवर बांधायची लिहायची पाटी) बांधल्यात.

इंधनाचं, म्हणजे अल्टरनेट (पर्यायी एअरपोर्ट) गाठण्यापुरतं आणि वर ४५ मिनिटं, ते गणित जमलंय. कुणी हल्लीच केली असेल तर प्लीज सांगा, मधे किती वेळ थांबलात?