मदत हवी आहे: बेरिलियम सगळ्यात लहान, मग पाणी सोडायला अ‍ॅल्युमिनियम का अडतं?

मंडळी, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, इनऑरगॅनिक. आठवडाभर एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

प्रॅक्टिकलला मॅग्नेशियमचं टायट्रेशन केलं. पीएच १० चं बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी (रंग बदलून शेवट दाखवणारा दर्शक), ब्युरेटमध्ये ईडीटीए (धातूच्या आयनाला चहूबाजूंनी पकडणारा रेणू). वाइनसारखा लाल रंग शेवटच्या एकदोन थेंबांत निळा झाला. अ‍ॅल्युमिनियमला मात्र जास्तीचं ईडीटीए घालून उकळायचं, गार करायचं आणि उरलेलं ईडीटीए झिंकने मोजायचं. घाईत एकदा मी न उकळताच केलं. झिंक जास्त लागलं, अ‍ॅल्युमिनियम कमी निघालं. म्हणजे बरंच ईडीटीए मोकळंच राहिलं होतं.

सर म्हणाले, चार्ज डेन्सिटी. आयन लहान, भार जास्त, म्हणून पाणी घट्ट धरलेलं. ते सुटल्याशिवाय लिगँडला (आयनाला जोडून बसणाऱ्या रेणूला, इथे ईडीटीएला) जागा नाही. पटलं. मग तक्ता उघडला आणि अडले. २५ अंश सेल्सिअसला पाण्याचा एक रेणू आयनाला धरून राहतो तो वेळ असा: मॅग्नेशियम सुमारे २ मायक्रोसेकंद, अ‍ॅल्युमिनियम पाऊण सेकंद, बेरिलियम जेमतेम दीड मिलिसेकंद. त्रिज्या अनुक्रमे ७२, ५४ आणि २७ पिकोमीटर. भार भागिले त्रिज्या केलं तर बेरिलियम सगळ्यात हळू हवं ना?

शिवाय बेरिलियमचं अ‍ॅक्टिव्हेशन व्हॉल्यूम (पाणी बदलताना मधल्या टप्प्यावर आकारमान किती बदलतं ते) उणे १३.६ आहे, अ‍ॅल्युमिनियमचं अधिक ५.७ (घन सेंमी प्रति मोल). म्हणजे बेरिलियमकडे नवं पाणी आधी आत शिरतं. एवढ्याशा आयनापाशी जागा कुठली? आणि अ‍ॅल्युमिनियमचं पाणी जर पाऊण सेकंदात बदलतं, तर उकळायचं कशासाठी? कोणी नीट समजावून सांगेल का?

प्रतिसाद:
त्रिज्येबरोबर शेजारी मोजा. बेरिलियमभोवती पाणी चारच, चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर. त्या चतुष्फलकाच्या बाजू उघड्या असतात, तिथून पाचवा आत येतो. लोकलच्या बाकावर चौथा टेकतो आणि मग आतला एक उठतो, तसं. दोन रेणू एकमेकांत दाटतात म्हणून व्हॉल्यूम उणे. दाब वाढवून ऑक्सिजन-१७ चा एनएमआर (अणुकेंद्रांचे चुंबकीय संकेत मोजायची पद्धत) घेतला की हा वेग वाढताना दिसतो. अ‍ॅल्युमिनियमभोवती सहा, ठासून. तिथे एक जण सुटायला लागल्याशिवाय दुसऱ्याचा शिरकाव नाही. वाटच वेगळी, म्हणून दोघांना एका रेषेत बसवू नका. सहा-सहावाल्यांची तुलना करा: गॅलियमची त्रिज्या ६२, वेळ अडीच मिलिसेकंद. सरांचं म्हणणं तिथे बरोबर लागू पडतं.

प्रतिसाद:
उकळण्याचं कारण पाणी-बदल एवढंच नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या पाण्याने एक प्रोटॉन सोडला की जो हायड्रॉक्साइड बनतो, तो उरलेल्या पाण्याची पकड सैल करतो. वेग हजारो पटींनी वाढतो. त्यामुळे पीएच वाढवणं फायद्याचं वाटतं. पण पीएच ४-५ च्या पुढे हेच हायड्रॉक्साइड दोन-दोन अ‍ॅल्युमिनियममध्ये पूल बांधतात, साखळ्या-गठ्ठे होतात, आणि ते ईडीटीएला सहज फुटत नाहीत. उष्णता मुख्यतः त्यांच्यासाठी. माझी पद्धत: द्रावण चांगलं आम्ल असतानाच ईडीटीए घाला, मग पीएच वर आणा, मग उकळा. हा क्रम कधीच उलटा करू नका.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. मी पीएच आधी वाढवून मग ईडीटीए घातलं होतं! उद्या क्रम बदलून तीन रीडिंग घेते. पण गॅलियमच्या शेजारी क्रोमियम दिसलं. भार तोच, त्रिज्या ६१.५, आणि वेळ चक्क पाच दिवसांच्या आसपास?

प्रतिसाद:
हो, पाच दिवस. तिथे आकार-भाराचं गणित पुरत नाही. क्रोमियमचे तीन डी-इलेक्ट्रॉन (डी-कवचातले) कमी ऊर्जेच्या तीन ऑर्बिटलमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या जागांमध्ये, एकेक बसलेले असतात आणि सहा शेजाऱ्यांची चौकट मोडली की ती स्थिरता जाते. गॅलियमचं डी-कवच भरलेलं, त्याला असं काही गमवायचं नसतं. रसायनशास्त्रज्ञ हेन्री टॉब यांनी १९५२ मध्ये हा फरक इलेक्ट्रॉन-रचनेशी जोडून दाखवला होता. उद्याची रीडिंग इथेच टाका.