ऑनलाइन विक्रीतली धास्ती आणि तुमचे उपाय: अनुभव लिहा

ऑनलाइन विक्री म्हटलं की नवख्यांना पहिली भीती हॅकरची. मुरलेल्यांशी बोलावं तर तक्रारी वेगळ्याच निघतात: उलटलेलं पेमेंट, बदलून परत आलेला माल, अचानक गोठलेलं खातं. आपल्यासारख्या एकांड्या शिलेदारांकडे ना वकील, ना आयटीवाला. तुम्हाला खरी धास्ती कशाची वाटते आणि त्यावर करता काय, ते लिहा. ऐकीव नको, स्वतःचं.

मणीमाळ
चार्जबॅक, म्हणजे ग्राहकाच्या तक्रारीवरून बँकेने उलटवलेलं पेमेंट. हाताने घडवलेले दागिने विकते. माल मिळालाच नाही म्हणून एका बाईंनी बँकेकडे तक्रार केली. कुरिअरच्या नोंदीत 'पोहोचला' असं स्वच्छ दिसत होतं, तरी रक्कम आधी माझ्याकडून वळती झाली, वर फी लागली आणि मग पुरावा मागितला. मोठ्या कार्ड कंपन्यांच्या नियमांत बऱ्याच तक्रारींना १२० दिवसांपर्यंत मुदत असते. तोवर ते पैसे नव्या मालात गुंतलेले असतात!

आता महागडं पार्सल सहीशिवाय सोडत नाही. पॅकिंगचा सलग व्हिडिओ काढते: दागिना, वजनकाट्यावरचा आकडा, चिकटपट्टी, पत्त्याचं लेबल, मध्ये कुठेही कट नाही. 'वर्णनाप्रमाणे नाही' या तक्रारीत तो कामी येतो. 'व्यवहार मी केलाच नाही' म्हटलं तर त्याचा काडीचा उपयोग नाही. तिथे थ्रीडी सिक्युअर, म्हणजे ओटीपी किंवा बँकेच्या अ‍ॅपमधली मंजुरी, घेतलेली असेल तर नुकसान सहसा बँकेच्या माथी जातं.

रातकिडा
मणीमाळ, व्हिडिओला अनुमोदन. माझ्याकडे एका रात्रीत बारीक रकमेच्या ऑर्डरींचा पाऊस पडला, बहुतेक फेल. भाऊ खूश, म्हणाला जाहिरात चालली! चोरलेली कार्डं चालू आहेत का हे कुणीतरी माझ्या साइटवर तपासत होतं. त्यातल्या ज्या ऑर्डरी पास झाल्या त्यांचे पैसे त्याच दिवशी परत केले, नाहीतर पुढे चार्जबॅकची रांग लागली असती. आता पेमेंटच्या पानावर कॅप्चा (समोर यंत्र नाही, माणूस आहे ना याची चाचणी) आहे आणि एकाच ठिकाणाहून लागोपाठ प्रयत्न झाले की गेटवे, म्हणजे आमच्यासाठी ऑनलाइन पेमेंट घेणारी सेवा, दार लावून घेतो.

साधासुधा
माझी भीती एकच, सगळी विक्री एकाच मार्केटप्लेसवर असण्याची. मध्यंतरी 'पडताळणी' म्हणून आमचं पेमेंट रोखून धरलं. फोन उचलायला माणूस नाही, मेलला यंत्राची उत्तरं. पुरवठादार थोडाच थांबतो? तेव्हापासून स्वतःची साधी वेबसाइटही चालवतो. तिथे विक्री कमी आहे, पण ग्राहकांची यादी माझी आहे.

हिशेबनीस
साइटच्या पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की साइट सुरक्षित, असं अजून किती जण मानतात! ते फक्त वाटेत कुणी माहिती वाचू शकणार नाही एवढंच सांगतं. समोरचा भामटा असला तरी कुलूप दिसतंच. याच गैरसमजामुळे क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह बदललं.

आमच्याकडे कार्डाचा नंबर कुठेच उतरवून घेत नाहीत, ग्राहक थेट गेटवेच्या पानावर भरतो. सीव्हीव्ही, म्हणजे कार्डावरचा सुरक्षा कोड, तर व्यवहार मंजूर झाल्यावर साठवायचाच नाही, असा पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या नियमावलीचा नियमच आहे. तरीही फोनवर ऑर्डर घेताना तो वहीत टिपणारे दुकानदार मी पाहिलेत.

आणि पुरवठादाराचा 'आमचं बँक खातं बदललंय' असा मेल आला की मेलमधल्या नंबरवर नाही, आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करतो. त्याला राग आला तरी चालेल.

मणीमाळ
हिशेबनीस, वहीचं वाचून धसकाच घेतला. साधासुधा, परत आलेलं खोकं तुम्ही कुरिअरवाल्यासमोर उघडता का? आमचा थांबायलाच तयार नसतो.

साधासुधा
आमचाही नाही थांबत. वजन करून घेतो, लेबलवरच्यापेक्षा कमी भरलं तर पावतीवर तसं लिहूनच सही करतो.