आयर्लंड: नुसतं डब्लिनचं खूळ नव्हतं

‘समलिंगी विवाह हे डब्लिनच्या पोरांचं खूळ, गावाकडचे कॅथलिक विरोधातच होते’ असं आयर्लंडबद्दल कुणीतरी ठोकून दिलंय. २२ मे २०१५ ला तिथे यावर सार्वमत झालं, त्यात ६२ टक्के मतं समलिंगी विवाहाच्या बाजूने पडली. ४३ मतदारसंघांपैकी विरोधात गेला एकच, रॉसकॉमन-साउथ लीट्रिम. माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस श्रद्धाळू कॅथलिक, पण जाहीरपणे बाजूने बोलल्या. ‘मुलाला आई आणि बाप दोघंही हवेत’ अशी विरोधकांची पोस्टरं खांबाखांबावर होती खरी, पण समलिंगी जोडप्यांना मूल दत्तक घेता यावं म्हणून कायदा संसदेने मतदानाआधीच बदलला होता. मतपत्रिकेवर तो प्रश्न नव्हताच! बाकी, लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाल्यावर त्यांच्या वडिलांच्या गावाचं, मालवणजवळच्या वराडचं आपल्याकडे केवढं कौतुक झालं. जानेवारी २०१५ मध्ये आरोग्यमंत्री असताना त्यांनी रेडिओवर ‘मी गे आहे’ सांगितलं, ते मात्र आपण हळूच गाळतो.