मदत हवी आहे: इमॅजिकासाठी हॉटेल, मुलं ३, ८ आणि १४ वर्षांची

खारघरहून खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला जायचंय, एक मुक्काम. राईडला वय नाही, उंची बघतात. मोठी नायट्रो रोलर कोस्टरवर असेल तेव्हा धाकट्याला दुपारी झोपवायला खोली जवळ हवी. म्हणून पार्कला लागून असलेलं नोव्होटेल बघतोय.

अडचण खोलीची. बहुतेक हॉटेलं एका खोलीत दोन मोठे, दोन मुलं धरतात आणि बारापुढच्या मुलाला मोठ्यांचा दर लावतात. म्हणजे दोन खोल्या आल्याच. नुसत्या शेजारशेजारच्या नकोत, आतून दार हवं. तिथे तशा खोल्या बुकिंगच्या वेळीच लेखी पक्क्या करून देतात का? चेक-इन दुपारी असेल तर पहिल्या दिवशी नेमकी झोपेची वेळ हुकते. खोली लवकर मिळते का? की पहिला दिवस वॉटर पार्कला द्यावा? त्यासाठी नायलॉनचे कपडे घेतलेत. कृपया नक्की सांगा.